लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही? तपासणीपासून गोळी थांबवण्यापर्यंतचा योग्य क्रम

तीन-तीन महिने गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन मात्र साडेनऊवरून जेमतेम दहावर आलं. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पुष्कळांची गोळी चांगलीच असते. चुकलेली असते ती गोळीची वेळ, तिच्या सोबतीला पोटात गेलेला चहा किंवा कॅल्शियम, नाहीतर गोळी बंद करण्याची घाई. मग गोळी बदलली जाते, जास्त ताकदीची आणि जास्त महाग येते, आणि तीही पुन्हा चहाबरोबरच घेतली जाते.

गोळीतलं लोह मुख्यतः जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. हा टप्पा छोटा असतो. तिथून पुढे सरकलेलं लोह फारसं कामी येत नाही, ते शौचावाटे निघून जातं. म्हणून गोळी त्या जागी पोहोचते तेव्हा आजूबाजूला काय आहे, यावर सगळं अवलंबून असतं. खाली दिलेला क्रम त्याच हिशोबाने लावला आहे. तो मोडू नका, विशेषतः पहिली पायरी गाळू नका.

पायरी १: गोळी सुरू करण्याआधी रक्त कशामुळे कमी आहे ते पाहा

फक्त हिमोग्लोबिनच्या आकड्यावर महिनोन्‌महिने लोह घेणं चूक आहे. हिमोग्लोबिन कमी असण्याची कारणं अनेक आहेत आणि लोहाची कमतरता हे त्यातलं एक, सर्वात जास्त आढळणारं.

कमी म्हणजे किती? गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ पेक्षा कमी, गरोदरपणात ११ पेक्षा कमी, पुरुषात १३ पेक्षा कमी. हे आकडे ग्रॅम प्रति डेसिलिटरमधले.

दोन तपासण्या करा: सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, आणि फेरिटिन. सीबीसीच्या अहवालात हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही लिहिलेलं असतं, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. तो ८० पेक्षा कमी असेल तर लोहाच्या कमतरतेचा संशय बळावतो. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. प्रौढात ते मिलिलिटरमागे १५ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर साठा संपलाय हे नक्की. ३० च्या खाली असेल तरी बहुतेक डॉक्टर कमतरता धरूनच उपचार करतात.

सावध: ताप, संसर्ग, सांध्यांची सूज असे आजार चालू असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. अशा वेळी ६० किंवा ७० आकडा आला तरी साठा रिकामा असू शकतो. तापातून उठल्यावर दोन-तीन आठवडे थांबून तपासणी केलेली बरी. सिरम आयर्न, म्हणजे रक्तात त्या वेळी फिरणाऱ्या लोहाची तपासणीही करायची असेल तर आदल्या दिवशी गोळी घेऊ नका, नाहीतर नुकत्याच घेतलेल्या गोळीचंच लोह मोजलं जाईल.

आता यातली सर्वात महागात पडणारी चूक. एमसीव्ही खूप कमी, ६५ ते ७० च्या घरात, पण लाल पेशींची संख्या मात्र ५० लाखांच्या वर, असा अहवाल असेल तर तो थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य प्रकाराचा असू शकतो. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने, ती दशलक्षात धरून (५० लाख म्हणजे ५), भागा. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी करून घ्या. सिंधी, पंजाबी, गुजराती लोहाणा अशा काही समाजांत हे प्रमाण जास्त आहे. गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, तिथेही फेरिटिन पाहिल्याशिवाय लोह सुरू करू नये. या दोन्हींत लोह कमी नसेल तर गोळीने हिमोग्लोबिन वाढत नाही, शरीरात लोह मात्र साठत जातं.

शाकाहारी घरांत आणखी एक गोष्ट: बी१२ जीवनसत्त्व. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असतील तर एकामुळे पेशी लहान होतात, दुसऱ्यामुळे मोठ्या, आणि एमसीव्ही अगदी नॉर्मल दिसतं. अशा अहवालात आरडीडब्ल्यू, म्हणजे लाल पेशींच्या आकारातल्या फरकाचं माप, वाढलेलं असतं. ते पाहा. हातापायांना मुंग्या येत असतील तर बी१२ तपासल्याशिवाय नुसती लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेत राहू नका. फॉलिकने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी१२ अभावी नसांना होणारी इजा चालूच राहते.

तपासा: पुरुष असाल किंवा पाळी बंद झालेली स्त्री असाल, तर लोह कमी आहे एवढ्यावर थांबायचं नाही. रक्त कुठून जातंय हे शोधायला हवं. पोटातला व्रण, मूळव्याध, वेदनाशामक गोळ्यांचा मारा, आतड्याचा कर्करोग, यांतलं काहीही असू शकतं. गोळी सुरू करा, पण शोध थांबवू नका.

पायरी २: पाकिटावरचा कोणता आकडा वाचायचा

पाकिटावर मोठ्या अक्षरांत क्षाराचं वजन लिहिलेलं असतं. आपल्याला हवं असतं त्यातलं प्रत्यक्ष लोह, ज्याला एलिमेंटल आयर्न म्हणतात.

शुष्क फेरस सल्फेट २०० मिग्रॅच्या गोळीत सुमारे ६५ मिग्रॅ लोह असतं. फेरस फ्युमरेटमध्ये वजनाच्या साधारण ३३ टक्के, म्हणजे ३०० मिग्रॅच्या गोळीत १०० च्या आसपास. फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के, म्हणून ३०० मिग्रॅच्या गोळीत ३५ मिग्रॅच मिळतं. फेरस अ‍ॅस्कॉर्बेटच्या गोळ्यांवर सहसा थेट लोहाचंच प्रमाण लिहिलेलं असतं, बहुतेकदा १०० मिग्रॅ. आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडून गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. शाळकरी मुलींना आठवड्याला एक मिळते त्या निळ्या गोळीतही तेवढंच असतं.

सरकारी गोळी फुकट मिळते म्हणून ती कमी ताकदीची, हा समज चुकीचा आहे. प्रौढाच्या उपचाराला दिवसाला ६० ते १०० मिग्रॅ लोह पुरतं.

घेताना टाळण्यासारखा प्रकार म्हणजे आतड्यात उशिरा विरघळणारी, आवरणाची किंवा संथ सुटणारी गोळी. ती पोटाला सोसते खरी, पण लोह सुटतं ते शोषणाचा टप्पा मागे पडल्यावर. आयर्न पॉलिमाल्टोज जेवणासोबत चालतं आणि त्रास कमी देतं. मात्र त्याने हिमोग्लोबिन सावकाश वाढतं, म्हणून ते दुसऱ्या पसंतीचं.

सावध: ही गोळी गोड आवरणाची, रंगीत आणि लहान मुलाला खाऊसारखी दिसणारी असते. १० किलोच्या मुलाने ६० मिग्रॅच्या १० गोळ्या गिळल्या तर किलोमागे ६० मिग्रॅ लोह पोटात जातं, आणि ही मात्रा जीवघेणी ठरू शकते. सुरुवातीला उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरं झाल्यासारखं वाटतं आणि नंतर यकृत निकामी होऊ लागतं. म्हणून बरं वाटतंय म्हणून घरी थांबायचं नाही. पाकीट बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठायचं. गोळ्या देवघराच्या फळीवर किंवा आईच्या पर्समध्ये नकोत, कुलपात हव्यात.

पायरी ३: दिवसातली वेळ ठरवा, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

नियम सोपा आहे. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. सकाळची वेळ उत्तम, कारण लोहाचं शोषण अडवणारं हेपसिडिन हे संप्रेरक सकाळी सर्वात कमी असतं.

पण आपल्याकडे सकाळ चहाने सुरू होते. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यात विरघळलेलं राहत नाही. जेवणासोबत चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली जाऊ शकतं. कॉफीचाही परिणाम होतो, थोडा कमी. गोळीनंतर किमान एक तास चहा नको, दोन तास झाले तर अधिक चांगलं. चहा सोडायची गरज नाही, फक्त तो मागे सरकवायचा.

दूध, दही, ताक यांतलं कॅल्शियम अडथळा आणतं. भाकरी, चपाती, डाळी, शेंगदाणे यांत फायटेट हा वनस्पतींतला घटक असतो, तेही लोहाला बांधून ठेवतं. म्हणजे नाश्त्याची चहा-चपाती आणि गोळी हे एकत्र येणं सर्वात वाईट. दुपारच्या जेवणात गोळी गिळून वर ताक पिणंही तसंच.

लिंबू, आवळा, पेरू, मोसंबी यांतलं क जीवनसत्त्व जेवणातल्या लोहाचं शोषण वाढवतं. गोळीसोबत लिंबूपाणी घेतलं तर हरकत नाही. पण गोळीतलं लोह आधीच शोषायला सोप्या रूपात असतं, त्यामुळे त्यासाठी वेगळी क जीवनसत्त्वाची गोळी विकत घेण्यात फारसा अर्थ नाही. लिंबू जेवणात पिळा, तिथे त्याचा खरा उपयोग आहे.

आता कॅल्शियम. गरोदर बाईला दोन्ही गोळ्या एकदम दिल्या जातात, आणि घरी गेल्यावर त्या एकाच घोटात घेतल्या जातात. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तासांचं अंतर हवंच. कॅल्शियम जेवणासोबत, लोह जेवणापासून दूर, एवढं लक्षात ठेवलं की घोळ होत नाही. उदाहरणार्थ:

सकाळी साडेसहाला उठल्यावर लोह, पाण्याबरोबर. आठनंतर चहा, नऊला नाश्ता. दुपारच्या जेवणासोबत पहिलं कॅल्शियम, रात्रीच्या जेवणासोबत दुसरं.

सकाळी मळमळत असेल तर उलटं करा. कॅल्शियम नाश्ता आणि दुपारच्या जेवणासोबत, लोह रात्री जेवल्यावर दोन-अडीच तासांनी झोपताना. त्यानंतर हळदीचं दूध घ्यायचं नाही.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती उठल्या उठल्या आधी, आणि लोह किमान चार तासांनी. या दोन गोळ्या एकत्र घेतल्या की थायरॉइडचं औषधही वाया जातं, टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) वाढतं आणि मग त्याची मात्रा विनाकारण वाढवली जाते. अशा व्यक्तीने लोह झोपताना घेणं सर्वात सोयीचं. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं चालू असताना लोह त्यांच्यापासून कित्येक तास दूर ठेवावं लागतं. पाच-सात दिवसांचाच कोर्स असेल तर तेवढे दिवस लोह थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. अ‍ॅसिडिटीची अँटासिड आणि पँटोप्रॅझोलसारखी औषधं रोज घेत असाल तर तेही सांगा. जठरातलं आम्ल कमी झालं की लोह नीट विरघळत नाही.

तपासा: गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास, या वेळेत पोटात काय गेलं ते तीन दिवस कागदावर लिहून ठेवा. चूक बहुतेकदा त्या कागदावरच सापडते.

पायरी ४: रोज की एक दिवसाआड

६० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त लोह घेतलं की शरीर हेपसिडिन वाढवतं, आणि ते साधारण २४ तास वाढलेलं राहतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. झुरिकमधल्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेल्या अभ्यासांत हे मोजलं. २०१७ च्या त्यांच्या अभ्यासात रोज गोळी घेणाऱ्यांनी दर गोळीमागे सुमारे १६ टक्के लोह शोषलं, तर दिवसाआड घेणाऱ्यांनी सुमारे २२ टक्के. त्याआधी २०१५ मध्ये असंही दिसलं होतं की दोन सकाळच्या मात्रांमध्ये दुपारची एक मात्रा वाढवली तरी एकूण शोषण फारसं वाढत नाही.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. दिवसातून दोन-तीनदा गोळी घेण्यापेक्षा एकदाच, नीट वेळेवर घेणं बरं. आणि कमतरता सौम्य असेल किंवा रोजची गोळी सोसत नसेल तर दिवसाआड घेतली तरी चालतं. याला अर्धवट उपचार समजू नका.

मात्र इथे एक हिशोब विसरला जातो. दिवसाआडच्या गोळीतून दर गोळीमागे जास्त लोह मिळत असलं तरी महिन्याला गोळ्या निम्म्याच जातात. ३० दिवसांत मिळणारं एकूण लोह रोजच्या गोळीतूनच जास्त असतं. हिमोग्लोबिन ८-९ असेल, शस्त्रक्रिया जवळ आली असेल किंवा बाई गरोदर असेल, तर हाताशी वेळ कमी असतो. तिथे रोजचीच गोळी. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात गरोदरपणी दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस द्यायची असते. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर दोन गोळ्या. हे प्रमाण स्वतःच्या मनाने दिवसाआड करू नका.

लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते. उपचाराला साधारण किलोमागे ३ मिग्रॅ लोह, दिवसातून एकदा. थेंबांच्या आणि सिरपच्या बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून जुन्या बाटलीचं मिलिलिटर नव्या बाटलीला लावू नका. औषध ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी पाजा, म्हणजे दात काळे पडत नाहीत.

पायरी ५: त्रास झाला तर सोडायची नाही, बदलायची

गोळ्या सोडण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे पोट. मळमळ, बद्धकोष्ठ, पोटात गोळा येणं. ‘गोळ्या उष्ण पडतात’ असं म्हणून पाकीट कपाटात जातं. न शोषलेलं लोह आतड्याला त्रास देतं, त्यामुळे तक्रार खरी असते. तिच्यावर उपायही आहेत, ते याच क्रमाने करून पाहा.

आधी वेळ झोपतानाची करा. चार-पाच दिवसांत फरक नाही पडला तर, गरोदर नसाल तर, दिवसाआड घ्या. तरीही जमत नसेल तर कमी लोहाची गोळी मागा, ग्लुकोनेट चालतं. सगळं करूनही मळमळ राहिली तर केळ्याचा तुकडा किंवा मूठभर कुरमुऱ्यांबरोबर गोळी घ्या. शोषण थोडं घटेल, पण कपाटातल्या गोळीपेक्षा पोटातली गोळी बरी. बद्धकोष्ठासाठी पाणी वाढवा, रात्री इसबगोल घ्या, मात्र लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर.

शौचाचा रंग काळा-हिरवट होणं नेहमीचं आहे. घाबरून गोळी थांबवू नका.

सावध: डांबरासारखं चिकट, चकाकणारं आणि फार घाण वासाचं काळं शौच वेगळं. ते पोटातल्या रक्तस्रावाचं लक्षण असतं. चक्कर, पोटदुखी सोबत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गोळीने बाळ काळं होतं किंवा फार मोठं होऊन बाळंतपण अवघड जातं, या समजांपायी गोळ्या टाकून देणाऱ्या बायका अजून आहेत. दोन्ही समजांना आधार नाही. घरातल्या मोठ्या बाईला आरोग्य केंद्रात सोबत न्या आणि हे तिच्यासमोर बोला, कारण गोळी थांबवायचा निर्णय पुष्कळदा तिचा असतो.

पायरी ६: मोजा, आणि थांबण्याची घाई करू नका

गोळी लागू पडतेय का, हे वाट न पाहता कळू शकतं. सात ते दहा दिवसांत नव्या लाल पेशींची, म्हणजे रेटिक्युलोसाइटची संख्या वाढते. चार आठवड्यांनी सीबीसी करा. हिमोग्लोबिन किमान १ ने वाढलेलं हवं. बऱ्याच जणांत ते २ ने वाढतं. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत तपासा, नाहीतर यंत्रातल्या फरकालाच आपण वाढ समजून बसतो.

किती दिवस घ्यायची, याचा हिशोब मांडून पाहू. ५० किलो वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन ९ वरून १२ वर न्यायचं आहे. शिरेतून लोह देताना वापरतात त्या सूत्राने, वजन गुणिले ३ गुणिले २.४, म्हणजे ३६० मिग्रॅ रक्तासाठी, आणि रिकामा साठा भरायला आणखी ५००. एकूण ८६० मिग्रॅ. ६० मिग्रॅच्या गोळीतून दहा टक्के शोषलं जातं असं धरलं तर रोज ६ मिग्रॅ. म्हणजे जवळपास १४३ दिवस, पाच महिन्यांच्या आसपास, आणि यात पाळीतून जाणारं लोह धरलेलंच नाही.

म्हणूनच हिमोग्लोबिन १२ झालं की गोळी बंद करायची, ही सर्वात सर्रास आणि सर्वात नुकसानीची चूक आहे. तेव्हा रक्त भरलेलं असतं, साठा रिकामाच असतो. दोन-चार पाळ्यांत आकडा पुन्हा खाली येतो आणि ‘गोळ्यांचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यानंतर आणखी तीन महिने गोळी चालू ठेवा, मग फेरिटिन करा. पुष्कळ डॉक्टर ते ५० च्या वर गेल्यावर थांबवतात. त्यानंतर वर्षभर दर तीन महिन्यांनी सीबीसी.

या काळात बीट, गूळ, खजूर खा, पण गोळीच्या जागी नव्हे. १०० ग्रॅम बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. रंगावर जाऊ नका.

पायरी ७: चार आठवड्यांत १ ने वाढलं नाही तर

इथे गोळी बदलू नका, प्रश्न विचारा, आणि तेही याच क्रमाने. महिन्यात प्रत्यक्ष किती गोळ्या पोटात गेल्या? पाकिटं मोजा. पायरी ३ मधली वेळ पाळली गेली का? रक्त जातंय का? पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते, गाठी पडतात, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, यांपैकी काही असेल तर उपचार पाळीचा हवा. नाहीतर खाली भोक असलेल्या हौदात वरून पाणी ओतल्यासारखं होतं. जंताचं औषध कधी घेतलं होतं? आकडीकृमी (हुकवर्म हे जंत) आतड्यातून रक्त शोषतात, शेतात अनवाणी काम करणाऱ्यांनी हे विशेष पाहावं. आणि मुळात निदान बरोबर होतं का?

एवढं सगळं ठीक असूनही वाढ नसेल तर शोषणाचेच आजार शोधावे लागतात: जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग, गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे होणारा आतड्याचा सीलिअ‍ॅक आजार, जठराचा दाह. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत अन्न शोषणाच्या टप्प्याला वळसा घालून जातं, त्यांना तोंडाने घेतलेलं लोह पुरत नाही.

अशा वेळी, किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने आले असून हिमोग्लोबिन बरंच कमी असेल, तर लोह शिरेतून देतात. आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण २०० मिग्रॅ, म्हणून अनेक खेपा लागतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका खेपेला १००० मिग्रॅपर्यंत देता येतं. पहिल्या तिमाहीत यांपैकी काहीही देत नाहीत. गरोदरपणात हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर घरी गोळ्यांवर थांबू नका, रुग्णालयातच उपचार व्हायला हवेत.

शिरेतून लोह जिथे तीव्र अ‍ॅलर्जीवर उपचाराची सोय आहे तिथेच घ्यायचं आणि संपल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. त्या काळात तोंडाची गोळी बंद ठेवतात. फेरिटिन लगेच करू नका. पहिले काही आठवडे ते फुगलेलं येतं आणि साठा भरला असा चुकीचा समज होतो. हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी पाहा, फेरिटिन आठ आठवड्यांच्या सुमारास.